व्हिएतनामी निर्वासितांचं आश्रय-धोरण वाचायचं कसं : ठाण्यातल्या अभ्यासिकेतली आमची पद्धत

यूपीएससी असो, एमपीएससी असो नाहीतर लॉचा पेपर, निर्वासित आणि आश्रय असा प्रश्न दिसला की आपल्याकडची पोरं काय लिहितात ते मला आता तोंडपाठ झालंय. निर्वासितांबद्दलचं १९५१ चं आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शन, निर्वासित कोण याची त्यातली व्याख्या, १९६७ चा प्रोटोकॉल, भारताने सही केलेली नाही, तिबेटी लोकांना मात्र आपण घेतलं, संपलं उत्तर. आता यात धोरण कुठे आहे? ही तर नुसती माहिती झाली, आणि तीही सगळ्यांकडे सारखीच. एका क्लासच्या झेरॉक्स नोट्स नौपाड्यातल्या आमच्या अभ्यासिकेत फिरत असतात, त्यात व्हिएतनामच्या बोट पीपलवर, म्हणजे बोटीतून देश सोडून पळालेल्यांवर, बरोब्बर दोन ओळी आहेत आणि त्यातली एक सुनामीसारखी लाट वगैरे भाषेत आहे. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं, शनिवारी मी जे फळ्यावर करते तेच इथे करते.

व्हिएतनामच का, तर ही केस बऱ्यापैकी पूर्ण झालेली आहे. ३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्ट उत्तरेच्या हाती पडलं तिथून सुरुवात, १९८९ ची मोठी आंतरराष्ट्रीय योजना १९९६ ला गुंडाळली तिथे मुख्य भाग संपतो, आणि मधल्या वीसेक वर्षांत जगातल्या सरकारांनी करता येईल ते सगळं करून बघितलं, दोन्ही हातांनी घेतलं, समुद्रात परत ढकललं, बंद कॅम्पात ठेवलं, इंटरव्ह्यू घेतले, विमानात बसवून परत पाठवलं. एवढं सगळं एकाच लोकांच्या बाबतीत झालेलं दुसरीकडे सहज सापडत नाही.

तर पहिलं काम, ती व्याख्या बाजूला ठेवा. खरंच ठेवा. कारण मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, जिथे या बोटी लागल्या, त्यातल्या कुणीच १९५१ च्या कन्व्हेन्शनवर सही केलेली नव्हती आणि अजूनही नाही, ब्रिटनने सही केली होती पण ते आपल्या ताब्यातल्या हाँगकाँगला लागू केलं नव्हतं. म्हणजे ज्या कागदावरून तुम्ही उत्तर सुरू करताय तो कागद त्या किनाऱ्यावर नव्हताच. मग लोकांना उतरू दिलं ते कशाच्या जोरावर, हा प्रश्न विचारा म्हणजे गाडी रुळावर येते.

आता एक कोरा कागद आडवा धरा आणि त्यावर फक्त तारखा लिहा. माणसांच्या कहाण्या नंतर, आधी तारखा. आपल्या ठाणे-मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये, झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची की नंतरची यावर कुणाला घर मिळतं आणि कुणाला बुलडोझर ते आपण बघत मोठे झालोय, आश्रयाचं धोरणही तसंच चालतं, तारखेवर.

कागदावर काय येईल बघा. एप्रिल-मे १९७५, अमेरिकेने साधारण १ लाख ३० हजार लोक काढले, हे त्यांच्या जवळचे लोक होते, सैन्यातले, सरकारातले, त्यांच्या ऑफिसात कामाला असलेले, आणि २३ मे १९७५ ला त्यांच्यासाठी वेगळा कायदाच केला. मग दोन-तीन वर्षं बोटी थोड्याथोड्या. १९७८ च्या मार्चमध्ये व्हिएतनाम सरकारने खासगी व्यापार बंद केला, त्याचा सगळ्यात मोठा फटका तिथल्या चिनी वंशाच्या लोकांना, त्यांना होआ म्हणतात, पुढे फेब्रुवारी १९७९ ला चीनशी युद्धच झालं आणि लोंढा सुटला. अडीच लाखांहून जास्त लोक तर जमिनीवरून सरळ चीनमध्ये गेले, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही कारण ते बोटीत नव्हते आणि फोटो नाहीत. एकट्या जून १९७९ मध्ये ५४ हजारांवर माणसं बोटीने किनाऱ्याला लागली. मलेशियाच्या पुलाऊ बिदाँग नावाच्या बेटावर, साधारण एक चौरस किलोमीटरच्या, त्या वेळी ४० हजारांच्या आसपास लोक राहत होते. आणि महिनाअखेरीस आसियान या आग्नेय आशियातल्या देशांच्या गटातल्या तेव्हाच्या पाचही देशांनी जाहीर केलं की आता एकही नवा माणूस घेणार नाही.

इथे थांबा आणि कागदावर दुसरा प्रश्न लिहा : शेवटी हे लोक नेणार कोण? किनाऱ्यावरचा देश कधीच एकटा निर्णय घेत नसतो, त्याची नजर पुढच्या दारावर असते. २० आणि २१ जुलै १९७९ ला जिनिव्हाला ६५ देश बसले, आणि श्रीमंत देशांनी घेऊन जायचा आकडा १ लाख २५ हजारावरून २ लाख ६० हजारावर नेला. बस, किनारे उघडले. माझं स्पष्ट मत आहे की याला नुसती माणुसकी म्हणणं भाबडेपणा आहे, तो सौदा होता, तुम्ही तात्पुरतं उतरवून घ्या आम्ही उचलून नेतो, आणि सौदा होता म्हणूनच तो चालला. बोटी परत ढकलणाऱ्या देशांनी दबाव टाकून पुढचं दार उघडून घेतलं असंही म्हणता येईल, ऐकायला बरं वाटत नाही पण घटनांचा क्रम तोच आहे.

नेरूळ-सीवूड्स साइडला ज्यांच्या घरात कुणी मर्चंट नेव्हीत आहे त्यांनी घरी विचारून बघा, समुद्रात बुडणारी बोट दिसली तर कॅप्टनला वाचवावंच लागतं, तो कायदा जुना आहे. प्रश्न नंतरचा असतो, वाचवलेली माणसं पुढच्या बंदरात उतरवून घेतील का? नाही घेतली तर जहाज अडकून पडतं, मालकाचं नुकसान, मग पुढच्या वेळी कॅप्टन दुर्बीण दुसरीकडे वळवतो, आणि हे तेव्हा झालं. त्यावर उपाय म्हणून काही देशांनी हमी घेतली, ज्या जहाजाच्या झेंड्याचा देश लोकांना घेणार नाही त्या जहाजावरची माणसं आम्ही घेऊ. एवढी हमी असली की बंदर उतरवून घेतं आणि कॅप्टन थांबतो. उत्तरात हा मुद्दा टाका, हजारातला एखादाच लिहितो.

दारांची यादी करताना कुठला देश कुठल्या दाराने घेतोय तेही बघत जा. अमेरिकेने आधी सरकारच्या खास अधिकारात लोक आत घेतले, मग १९८० चा रेफ्युजी अॅक्ट आणून ते काम कायद्यात बसवलं. कॅनडाने वेगळंच केलं, चर्च, शेजारी, ऑफिसातले लोक मिळून एखाद्या कुटुंबाचा खर्च उचलतील आणि तेवढे लोक सरकार जास्तीचे घेईल अशी खासगी स्पॉन्सरशिप चालवली, १९७९-८० मध्ये ६० हजार इंडोचायनीज (व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसचे) लोक घेतले, आणि निर्वासितांच्या मदतीसाठी दिलं जाणारं नॅन्सेन मेडल १९८६ ला मिळालं ते कॅनडाच्या जनतेला. ब्रिटनने हाँगकाँगमधून १० हजार घ्यायचं कबूल केलं. आणि सगळ्यात कमी चर्चेचं दार म्हणजे व्हिएतनाममधूनच कायदेशीर विमानाने निघायचं, ऑर्डर्ली डिपार्चर प्रोग्राम, मे १९७९ मध्ये यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) आणि व्हिएतनाम सरकारमध्ये ठरलेला. यातून पुढे पाच लाखांहून जास्त लोक गेले. बोटीचे फोटो प्रसिद्ध, पण विमानातली रांग फार लांब होती.

आता मुख्य वळण. दहा वर्षं सगळं चाललं, मग घेणारे थकले. १९८७ नंतर हाँगकाँगला येणारे बरेचसे उत्तर व्हिएतनामचे, हायफोंग वगैरे भागातले, ज्यांचा अमेरिकेशी काही संबंध नव्हता, त्यामुळे त्यांना उचलायला कुणी पुढे येईना. पुढचं दार बंद होत आलं की किनाऱ्यावरचं दार बंद होतंच. हाँगकाँगने जुलै १९८२ पासूनच नव्या लोकांना बंद कॅम्पात ठेवायला सुरुवात केली होती, आता त्यांनी जाहीर केलं की १६ जून १९८८ पासून येणारा प्रत्येक जण तपासला जाईल. जून १९८९ ला जिनिव्हात पुन्हा परिषद झाली आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन ऑफ अॅक्शन ठरला, म्हणजे ठरलेल्या तारखेनंतर आलेल्या प्रत्येकाची तपासणी, बाकीच्या बहुतेक ठिकाणी १४ मार्च १९८९ ही ती तारीख.

हे फळ्यावर मी असं करते. दोन बोटी काढते. एकीत बसलेलं कुटुंब १५ जून १९८८ ला हाँगकाँगला लागलं, दुसरीतलं कुटुंब, त्यांचेच शेजारी समजा, इंजिन बंद पडल्यामुळे दोन दिवस उशिरा, १७ जूनला. पहिल्या कुटुंबाला कुणी विचारलंच नाही की तुम्हाला खरंच भीती होती का, ते निर्वासित धरले गेले, त्यांचा प्रश्न फक्त एवढाच की कुठला देश नेतोय आणि किती वर्षांनी. दुसऱ्या कुटुंबाला इमिग्रेशन ऑफिसरसमोर बसून सिद्ध करावं लागणार, नाही जमलं तर अपील, अपील फेटाळलं तर परत. गाव एक, कारण एक, छळ झाला असेल तर तोही एकच. फरक कशाचा, तर इंजिनाचा. हे एकदा डोक्यात बसलं की धोरण म्हणजे काय ते बसलं.

मग तिसरी गोष्ट, तपासणी. हा भाग वाचून समजत नाही, करून बघावा लागतो, म्हणून आम्ही जोड्या पाडतो. एक जण ऑफिसर, एक जण अर्जदार, तिसरा दुभाषा, आणि दुभाषा मुद्दाम थोडं कमी सांगणार. अर्जदाराला चिठ्ठी देते, हायफोंगचा मच्छीमार, बापाची जमीन गेलेली, कुटुंब सरकारने ओसाड भागात वसवलेल्या नव्या आर्थिक वसाहतीत पाठवलेलं, तिथून पळून शहरात आले म्हणून घरनोंदणी नाही. दिव्याहून येणारा एक मुलगा आहे आमच्यात, तो अर्जदार झाला होता.

"का निघालात?"

"तिकडे काही भविष्य नव्हतं साहेब, धंदा नाही, पोरांना शाळा नाही."

ऑफिसर झालेल्या मुलीने लगेच लिहिलं, आर्थिक कारण, नामंजूर. मुलगा माझ्याकडे बघायला लागला, "ताई, पण मी खरं तेच सांगितलं."

खरं सांगितलं, पण ऑफिसरने पुढचा प्रश्न विचारलाच नाही ना, की शाळा का नाही? शाळा नाही कारण घरनोंदणीचं पुस्तक नाही, तिथे त्याला हो खाऊ म्हणायचे, रेशन, नोकरी, शाळा सगळं त्यावर, आणि ते पुस्तक नाही कारण बाप जमीनवाला म्हणून घरच्यांना गावाबाहेर काढलेलं. म्हणजे गरिबी राजकारणातून आलेली. ते उकरून काढायला वेळ लागतो, चांगला दुभाषा लागतो, आणि विचारण्याची इच्छा लागते. हजारोंच्या रांगेत यातलं काय उरत असेल तुम्हीच बघा. या तपासणीत मान्य झालेल्यांचं प्रमाण एकतृतीयांशाच्याही खाली राहिलं. बाकीच्यांना सगळ्यांना आर्थिक स्थलांतरित म्हणून मोकळं होणाऱ्या उत्तरांना मी मार्क देत नाही, आणि सगळेच छळलेले होते म्हणणाऱ्यांनाही नाही, कारण खरोखर कामधंद्यासाठी निघालेलेही त्यात भरपूर होते. तुम्ही प्रक्रियेबद्दल लिहा.

चौथी गोष्ट परतीची, आणि इथे बहुतेक जण कच्चे पडतात. तुम्ही कुणाला नाही म्हणालात म्हणून तो माणूस जात नाही, त्याचा देश घेणार असेल तरच जातो. म्हणून धोरण वाचताना कायद्यापेक्षा आधी परतीचा करार शोधा. हाँगकाँगने १२ डिसेंबर १९८९ ला ५१ जणांना पहाटेच्या अंधारात विमानात घालून हनोईला पाठवलं, जगभर बोंब झाली, पण ते शक्य झालं कारण व्हिएतनाम घ्यायला तयार झालं होतं. यूएनएचसीआरने स्वखुशीने परत जाणाऱ्यांना मदत आणि गावात लक्ष ठेवायची सोय त्याआधीच सुरू केली होती, आणि योजना १९९६ ला संपेपर्यंत एक लाखाहून जास्त लोक व्हिएतनामला परत गेले. स्वखुशीने हा शब्द कॅम्पच्या तारेमागे कितपत खरा असतो ते सोडा. फिलिपिन्सने मात्र शेवटी उरलेल्या काहींना राहू दिलं, पलावानमध्ये त्यांची वस्ती झाली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना २००५ नंतर अमेरिकेने नेलं. असे अपवाद लिहून ठेवत जा, इंटरव्ह्यूला कामाला येतात.

परतीच्या करारातही तारखाच. अमेरिका आणि व्हिएतनामचे संबंध ११ जुलै १९९५ ला सुरळीत झाले, आणि २००८ च्या करारात ठरलं की १२ जुलै १९९५ च्या आधी अमेरिकेत पोचलेल्यांना या कराराखाली परत घेतलं जाणार नाही. त्यामुळे लहानपणी बोटीने आलेला, पुढे गुन्हा केला म्हणून हद्दपारीची ऑर्डर निघालेला माणूसही वर्षानुवर्षं अमेरिकेतच. मग २०२० ला या जुन्या लोकांसाठीसुद्धा वेगळा सामंजस्य करार झाला आणि पन्नाशी-साठीतल्या माणसांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. जर्मनीचंही बघा, पूर्व जर्मनीत कॉन्ट्रॅक्टवर आणलेले व्हिएतनामी कामगार, भिंत पडली आणि ते अधांतरी, १९९५ ला जर्मनी-व्हिएतनाम करार झाला, ४० हजार लोक परत घ्यायचं ठरलं. यात आश्रयाच्या कायद्याचा एक शब्दही बदलावा लागत नाही.

आजचं उदाहरण हवं असेल तर ब्रिटन घ्या. ऑक्टोबर २०१९ ला एसेक्समध्ये एका लॉरीच्या कंटेनरमध्ये ३९ व्हिएतनामी माणसं मेलेली सापडली, आणि २०२४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत छोट्या बोटींनी येणाऱ्यांमध्ये व्हिएतनामी सगळ्यात पुढे होते. तिथे वाचताना दोन खिडक्या वेगळ्या ठेवा, एक आश्रयाची आणि दुसरी मानवी तस्करीच्या बळींसाठीची, २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी अॅक्टवाली. एकाच माणसाची केस दोन्हीकडे जाऊ शकते आणि एकीकडे हो दुसरीकडे नाही होऊ शकतं. आणि सरकारने काय केलं, एप्रिल २०२४ ला व्हिएतनामबरोबर परत पाठवण्यासाठी सहकार्य वाढवायचं ठरवलं. १९८९ चाच पत्ता पुन्हा खेळलेत.

आकड्यांबद्दल एक सूचना. १९७५ ते १९९५ बोटीने पोचलेले साधारण ८ लाख, हा आकडा फक्त पोचलेल्यांचा आहे, बुडालेल्यांची मोजणी कुणाकडेच नाही, त्यामुळे उत्तरात मृतांचा ठाम आकडा लिहू नका. बोटीवाले, विमानाने गेलेले, चीनमध्ये चालत गेलेले यांची बेरीज करून एकच मोठा आकडाही देऊ नका. कंबोडिया आणि लाओसचे लोक वेगळे, इंडोचायनीज म्हटलं की ते पण आत येतात, तेवढं तपासा.

मग भारत. इथे सही केली नाही या वाक्यावर थांबायचं नाही, तोच आडवा कागद वापरायचा. आपल्याकडे तारखा कमी आहेत का? संविधानाचं कलम ६ उघडा, पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ च्या आधी आलेला एका बाजूला, त्या दिवशी किंवा नंतर आलेल्याला अर्ज करून नोंदणी, आणि अर्जाआधी सहा महिने इथे राहिलेलं असायला हवं. इथून लोकलने अर्ध्या तासावर उल्हासनगर आहे, लष्कराच्या जुन्या कॅम्पात सिंधी निर्वासितांना ठेवलं ते गाव, अजूनही तिथे पत्ता कॅम्प नंबरनेच सांगतात. शहराच्या इतिहासात हे कलम फारसं कुणी आठवत नाही, पण तेव्हा कागदपत्रं याच तारखेवर उभी होती. आसाममध्ये २४ मार्च १९७१, सीएए म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्यामध्ये ३१ डिसेंबर २०१४. पुढे तिबेटी, श्रीलंकेचे तमिळ, प्रत्येकासाठी सरकारी आदेश वेगळे, बाकी काही देशांच्या लोकांचं काम दिल्लीचं यूएनएचसीआर ऑफिस बघतं, २९ डिसेंबर २०११ ची गृह मंत्रालयाची कार्यपद्धती आहे ज्यात तपासणीनंतर लाँग टर्म व्हिसा मिळू शकतो, आणि चकमा लोकांच्या केसमध्ये १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कलम २१ चं, म्हणजे जगण्याच्या हक्काचं, संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. जुन्या नोट्समध्ये १९४६ चा फॉरेनर्स अॅक्ट असेल, तो खोडा, आता २०२५ चा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट आहे.

व्हिएतनामशी भारताचा धागाही आहे, १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देखरेखीच्या आयोगाचं अध्यक्षपद आपल्याकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. तेव्हा उत्तर-दक्षिण जायला लोकांना ३०० दिवसांची मुदत दिलेली. परत तारीखच.

२५० शब्दांच्या उत्तरात हे सगळं मावणार नाही हे मलाही माहितीये. सुरुवात जुलै १९७९ च्या सौद्याने करा, मधे १६ जून १९८८ च्या दोन बोटी दोन-तीन ओळींत, मग परतीचे करार, शेवटच्या साठ-सत्तर शब्दांत भारत, कलम ६ सकट. व्याख्या लिहायचा मोह झालाच तर एका ओळीत उरका. जागा कमी पडली तर कॅनडा कापा, दोन बोटी कापू नका. आणि लिहून झालं की उत्तरातल्या तारखा फक्त गोल करून बघा, तीनपेक्षा कमी गोल दिसले तर ते उत्तर पुन्हा लिहायचंय असं समजा.